डॉक्टरांच्या हॉलमधलं वारूळ

मु. गुंद
एप्रिल १९९४

चिरंजीव परशू यास गुणामामाचा आशीर्वाद पोचो. तुझी प्रकृती बरी असेल, राग मात्र उतरला नसेल. इकडे मामी आणि म्हशी खुशाल. माझी कंबर तेवढी रुसली आहे.

चूक माझी, कबूल. पण हकीकत ऐक. मागच्या खेपेला बेळगावच्या कडेला भात डोलत होतं, या खेपेला तिथं बंगलेच बंगले उगवलेले (खत कुठलं घालतात कोण जाणे). त्यात तू एकटा डॉक्टरांसाठी पंख्यावाचून थंड राहील असं मातीचं घर बांधणार, आणि भिंतीला मामाच पाहिजे म्हणालास, तेव्हा माझी छाती फुगली. डॉक्टरांनी तुला बजावलेलं, पावसाआधी भिंती दिसल्या नाहीत तर सिमेंट. तुझं पहिलंच मातीचं काम! पण तू ट्रकानं आणलेली माती मुठीत धरली की वाळूसारखी सुटत होती. आणि पाया खणायचा त्या प्लॉटच्या मधोमध (नकाशात हॉल आहे तिथं) हे कमरेएवढं वारूळ! वाळवीनं मळलेली चिकट माती. तुझ्या मातीत मिसळली की भिंत दगडासारखी.

आता आपल्या गुंदात रीत काय? आदल्या सांजेला वारुळापुढं फूल ठेवायचं, परवानगी मागायची, सकाळी एका कुशीची माती काढायची. मी तेच केलं. सकाळी कुदळ घेऊन जातो तर हळद, कुंकू, दूध, नारळ आणि दहा-बारा बायका! "अज्जा, देव कधी प्रगटला?" म्हणून विचारतात. "देव न्हाई बाई, माती हाय ती," म्हटलं, तर एक माझ्याच पाया पडली. (कुदळ मी पाठीमागं लपवली.) गवंड्यांनी आधी चपला काढल्या, मग कामच सोडलं. तू आलास, "मामा, घर बांधाय आणलं तुला, देऊळ न्हाई!" म्हणून सगळ्यांदेखत ओरडलास, आणि मी दुपारची बस धरली. खरं सांगायचं तर पळालो.

तुझा मामा,
गुणा

ता. क. घर चार हात मागं सरकव. डॉक्टर ऐकतील, पहिला नारळ त्यांच्याच बायकोचा होता.

आणखी ता. क. आमच्या परसातल्या चिकट मातीची बारा पोती लखूच्या लॉरीतून शुक्रवारी पोचतील. पोत्यांवर एक म्हातारा बसलेला दिसेल, त्याला चारचौघांत ओरडू नकोस. भिंत पुरी झाल्याशिवाय मामी त्याला घरात घेणार नाही.