कॉफीच्या बरणीचं झाकण

४ मार्च

माझ्या हातांची पकड वयाच्या मानानेही कमी. फिजिओथेरपिस्ट मुलीने दोनदा तपासून खात्री केली. पकडीसारखं एक यंत्र हातात दिलं — "आजोबा, जीव खाऊन दाबा." दाबलं. काटा जरासा हलला, जणू उपकारच केले. मग हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठबस — पास. चालणं — पास. नापास फक्त मुठीत.

"यंत्र बिघडलंय," मी म्हणालो. "घरी कॉफीची बरणी मीच उघडतो. हिला उघडतच नाही."

बायको छताकडे बघत होती.

५ मार्च

सुनेचे दिवस भरत आलेत. निकाल ऐकून मुलगा म्हणाला, "बाबा, मूठ सुधारेपर्यंत बाळाला घ्यायची घाई नको हं." जन्मभर बातमीदारी केली, पण इतका गोड नकार कुणी दिला नव्हता.

"बसून घेतील की," सून म्हणाली.

८ मार्च

रबरी चेंडू दाबणे, ओला टॉवेल पिळणे — सकाळ-संध्याकाळ. चेंडू पेपर वाचताना दाबतो. अग्रलेखाला जोर जास्त लागतो.

११ मार्च

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर बायको बरणीचं झाकण सैल करून पुन्हा नुसतं टेकवत होती.

"कधीपासून?"

"तुम्ही निवृत्त झालात तेव्हापासून. म्हटलं, घरात एक तरी काम असू दे तुम्हाला."

रागवणार होतो. पण कॉफी चांगली झाली होती.

१८ मार्च

फेरतपासणी. काटा थोडा पुढे. "आता आजींची बघू," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. बायको बाह्या सरसावून बसली. काटा माझ्याही मागे!

"पण झाकण तर मला सहज निघतं," बायको घरी येऊन तणतणली.

सून हळूच म्हणाली, "आई, तुमचा अंगठा दुखतो ना... तुमच्या आधी मी सैल करून ठेवते."

मुलगा हसता हसता खुर्चीवरून घसरला. त्याची कुणी तपासणी केली नाही.

२१ मार्च

नात झाली! मुलाचा फोन. मागून खुद्द बातमीनेच रडून दुजोरा दिला.

२३ मार्च

सून दवाखान्यात, त्यामुळे बरणी खरोखरच घट्ट. बायकोने ती दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरली, मी झाकण पिळलं. उघडलं.

मुलाला कळवलं. त्याचं उत्तर: "उद्या बाळाला घरी आणतोय. दोघांनी मिळून घ्या."

बायकोने आत्ताच दोन खुर्च्या एकमेकींना चिकटवून ठेवल्यात.