आभाळ आलेले असताना आकारामबापूंचा फोटो

शिराळा, पौष वद्य तृतीया, शके १८६६

मधुदादांच्या दोन आणि त्यांच्या कॅमेऱ्याच्या तिवईच्या तीन, अशा पाचही पायांवर डोके ठेवून गंगाधर नमस्कार करतो.

आपला खोकला कसा आहे? वाईला कृष्णेवर धुके उतरू लागले की आपण मफलर गुंडाळून घाटावर फिरायला जाता आणि मग आठवडाभर वहिनींना काढा करायला लावता, हे मला ठाऊक आहे. (काढा आपण पीत नाही, अंगणातली तुळस पिते, हेही ठाऊक आहे. मी कोणाला सांगितलेले नाही.) सौ. चारुशीला बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी आहे आणि तिची प्रकृती ठीक आहे. मी इथे शाळेत, आणि शाळा सुटली की आकारामबापूंच्या सोप्याला लागून असलेल्या माझ्या खोलीत. माझीही प्रकृती उत्तम. फक्त अधूनमधून अंगावर काटा येतो. तो का येतो हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

दिवाळीत कॅमेरा माझ्या हाती देताना आपण दोन गोष्टी बजावल्या होत्या. भिंग धोतराच्या सोग्याने पुसायचे नाही, ही पहिली. हिवाळ्यात आभाळ आले तर कॅमेरा पेटीतून काढायचाच नाही, ही दुसरी. (अगदीच गळ्याशी आले तर तिवई रोवून झडप उघडी ठेवायची आणि सातचा पाढा संथ म्हणायचा, असे आपण टांग्यात बसता बसता म्हणाला होता. टांगा हलला म्हणून त्यापुढचे ऐकू आले नाही.) पहिली गोष्ट मी अजून पाळतो. दुसरीच्या बाबतीत रागावू नका दादा, पण आपले चुकले. आभाळ आलेल्या दिवशी जे दिसते ते लख्ख उन्हात दिसत नाही, हे मी आता शपथेवर सांगायला तयार आहे. यंदा इकडे मार्गशीर्ष लागला तो ढग घेऊनच. गावात कोणाला सावली म्हणून नव्हती. गुऱ्हाळांचा धूर वर जायचा कंटाळा करून वाटेवरच बसून राही. असल्या दिवसांत कॅमेरा काढायची मला हौस आली नव्हती. गळ्याशीच आले होते.

आकारामबापू म्हणजे माझे घरमालक. वय साठीच्या पुढे, अंगाने शिडशिडीत, आणि पंचमीला नाग धरण्यात सगळ्या शिराळ्यात त्यांचा हातखंडा. त्यांचा मुलगा अर्जुना पलटणीत आहे, ब्रह्मदेशच्या बाजूला. यंदा श्रावणात बापूंनाच नाग डसला. खूप दिवस अंथरुणाला खिळून होते, मग उठले, आणि आता उसाला पाणी पाजतात. पण ते निपचित पडलेले असतानाच गावातला एक जवान रजा संपवून लढाईवर परत गेला आणि त्याने तिकडे अर्जुनाला सांगितले की तुझ्या बापाला पान लागले (नाग डसला असे इकडे तोंडाने म्हणत नाहीत), काही खरे नाही. झाले! इकडून पत्रांवर पत्रे गेली (लिहिणारा मीच) की बापू खुशाल आहेत. अर्जुना विश्वास ठेवीना. त्याचे तरी काय चुकले? इकडे पलटणीतल्या पोराला घरची वाईट बातमी कळवायची पद्धतच नाही. त्याची आजी वारली त्यानंतरही कित्येक महिने ‘आजी तुझी लय आठवण काढती’ असे पत्रातून जात होते. (लिहिणारा पुन्हा मीच. एकदा तर मी आजीच्या गुडघेदुखीला उतार पडल्याचेही कळवले होते.) तेव्हा त्याने निर्वाणीचे लिहिले, की कागदावर काय बी लिवता येतं, बाचा फोटू धाडा, तवाच खरं मानीन, तवर माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई.

हे पत्र मीच सोप्यात वाचून दाखवले. अर्जुनाची आई राहीबाई तेव्हा भाकऱ्या थापत होत्या. त्या दिवसापासून त्यांच्याही घशाखाली घास उतरेना. रोज सकाळी माझ्या दारात येऊन आधी आभाळाकडे आणि मग माझ्याकडे बघायच्या. आभाळाला काही वाटत नसे, मला मात्र वाटे. कॅमेऱ्यातल्या रोलवर दोनच फोटो शिल्लक होते. (बाकीचे सौ. चारुशीलेवर खर्च झाले. सगळ्यांत ऊन आहे आणि सगळ्यांत तिने डोळे मिटलेले आहेत.) लढाईमुळे सांगलीत रोल दृष्टीस पडत नाही. शेवटी उन्हाची वाट बघणे सोडले आणि एका दुपारी तिवई अंगणात रोवली.

सोप्यात शाळेची खुर्ची ठेवून बापूंना फेटा बांधून बसवले. एका अंगाला राहीबाई, दुसऱ्या अंगाला सून बनुबाई. आत अंधार इतका की बापूंच्या मिशा कुठे संपतात ते कळेना. हलू नका असे सर्वांना तीनतीनदा बजावले, झडप उघडली आणि सातचा पाढा सुरू केला. पाढा म्हणताना मी डोळे मिटतो, ही माझी जन्माची खोड. (शाळेत त्या वेळात मुले काय करतात हे मला आजवर कळलेले नाही.) पाढा बिनचूक झाला. मोठ्या ऐटीत तो फोटो सांगलीला नेऊन छापून घेतला (फोटोवाल्याने अंधाऱ्या खोलीत रोल कापून उरलेल्या एका फोटोपुरता तुकडा परत गुंडाळून दिला) आणि आधी सौ. चारुशीलेला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, फार सुरेख आहे, पण हे गृहस्थ वारले कधी?

दादा, राहीबाईंच्या गळ्यातला एक न् एक मणी मोजून घ्यावा असा आला होता. बनुबाईच्या लुगड्याची किनार आली होती. खुर्ची तर फारच चांगली आली होती. आणि खुर्चीवर बापू नव्हते. म्हणजे होते, पण त्यांच्या छातीतून खुर्चीची पाठ दिसत होती आणि कपाळातून मागचा दिव्याचा कोनाडा.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मी सात त्रिक एकवीसच्या सुमाराला असताना शेजारचे तात्याबा वाटेने चालले होते. त्यांनी रामराम घातला. त्यावर बापू उठले, अंगणाच्या कडेपर्यंत गेले, रामराम घातला, तात्याबांच्या म्हशीची विचारपूस केली आणि परत खुर्चीवर येऊन बसले. मी कपाळाला हात लावला तर मलाच म्हणाले, “मानूस दारावरनं रामराम घालतोय आन मी मुक्यावानी बसू व्हय? उद्या गावात त्वांड कसं दावू?” फोटो त्यांना मनापासून आवडला, आपल्या पोटातून खुर्ची दिसते हे त्यांनी चार जणांना बोलावून दाखवले. राहीबाईंनी मात्र तो एकदाच बघितला आणि पालथा घातला. “मास्तर,” त्या म्हणाल्या, “जित्या मानसाचा तुमी धूर केलासा. ह्यो बघून माझं पोर काय समजंल?” बाप गेला हे कळवायला याच्याहून चांगला फोटो काढता आला नसता.

आता एकच फोटो उरला. दार लावून घ्यावे तर उजेड नाही, दार उघडावे तर रामराम. आमची गल्ली म्हणजे गावाची येण्याजाण्याची वाट. बापूंना पाठमोरे बसवावे असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला, तो मी कोणाला सांगितला नाही. शेवटी दुसऱ्या एका दुपारी खुर्ची मांडून पुन्हा तिवई रोवली, तर ऐन वेळी पाऊस भुरभुरू लागला. तिवई उचलावी म्हणतो तोच राहीबाई घरातून एक मडके घेऊन आल्या. तोंडाला फडके बांधलेले, पंचमीला नाग ठेवतात तसले. ते त्यांनी बापूंच्या आणि माझ्या मध्ये अंगणात ठेवले, फडके सोडले, वाटेवरच्या लोकांकडे बघून ओठांवर बोट ठेवले, आणि माझ्या मागे येऊन कॅमेऱ्यावर घोंगडे धरून उभ्या राहिल्या.

त्यानंतर जे झाले ते कसे सांगू? बापू खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि थांबले. नुसते उभे नव्हते दादा, थांबले होते. डोळ्याची पापणी नाही, फेट्याचा शेव नाही, श्वास तरी घेत होते की नाही देव जाणे. आणि वाट थांबली. घागर घेऊन चाललेली बाई थांबली, बैलगाडी थांबली, गाडीवानाने बैलाच्या वशिंडावर हात ठेवला तर बैलही थांबला. शिराळ्याचे माणूस नागापुढे कसे वागावे हे आईच्या पोटातून शिकून येते. मी बाहेरगावचा, मी ते शिकलेलो नाही. मी तिवईच्या मागे दडलो; तिचे पाय हलले नाहीत, हे आपले पुण्य. झडप उघडली. या खेपेला डोळे मिटायची माझी छाती झाली नाही.

म्हणून मला दिसले. ऊन असते तर बापूंचा अर्धा चेहरा फेट्याखाली काळा झाला असता. त्या ढगांखालच्या उजेडात काही लपत नव्हते आणि काही चमकत नव्हते. भिंतीचा पोपडा, बनुबाईच्या हातातला चुडा, बापूंच्या मनगटावरचा डसल्याचा वण, सगळे सारखेच दिसत होते. उजेड असा कधी मी पाहिलेलाच नव्हता, आणि इतकी वर्षे असल्या दिवसांना मी भिकार हवा म्हणत आलो! सातचा पाढा संपला. हात झडपेकडे जाईना. तोंडाने आपोआप एकोणतीसचा सुरू झाला. तो मला उभ्या जन्मात कधी नीट आला नाही, मुलांनाही मी तो पुस्तक बघून शिकवतो, पण त्या दिवशी एका जागी अडखळलो नाही. तो संपल्यावर मागून राहीबाई हलकेच म्हणाल्या, “बास झालं, मास्तर,” आणि त्यांनीच हात पुढे करून झडप मिटली.

फोटो असा आला आहे की मी अजून त्याच्याकडे बघताना उभा राहतो. बापूंची मिशी केसन्‌केस दिसते. डाव्या कडेला, वाटेवरून अंगणात शिरताना थांबलेले तात्याबा आले आहेत, रामराम घालायला उचललेला हात तसाच अर्ध्यावर, आणि बोटेसुद्धा मोजता येतात! तो अर्जुनाला रवाना केला. नंतर मी बापूंना विचारले, तुम्ही नागाच्या नजरेला नजर देता म्हणजे मनात काय असते? ते उसाला पाणी वळवायला पाट मोडत होते. फावडे न थांबवता म्हणाले, “नागाकडं कोन बघत हुतं? तुमच्या त्या भोकाकडं बघत हुतो. तितनं पोरगं बघनार हाय न्हवं?”

वहिनींना नमस्कार, तुळशीला नमस्कार.

आपला,
गंगाधर

ता. क. मडक्यात नाग नव्हता, हुलगे होते. आज जेवताना त्यांचेच माडगे वाढले तेव्हा राहीबाईंनी सांगितले. बापूंना हे पहिल्यापासून माहीत होते, तात्याबांना अजून माहीत नाही, आणि मला कळले नसते तर बरे झाले असते.

पुन्हा ता. क. (माघ शुद्ध पंचमी) वरचे पत्र पाकीट नाही म्हणून पडून राहिले, ते एका परीने बरेच झाले. आज अर्जुनाचे उत्तर आले. मी सोप्यात वाचून दाखवले. फोटो पोचला, बा जिवंत आहे याची खात्री पटली, त्या दिवशी तो पोटभर जेवला. तात्याबांनाही त्याने ओळखले आणि उलट रामराम कळवला आहे. पुढे लिहितो, “समदी हायती, पर फोटूत आई कुटं न्हाई. बाला पान लागल्याचं मला सांगितलं न्हवतं, तसं आईचं बी लपवलंसा काय?” त्या तर माझ्या मागे घोंगडे धरून उभ्या होत्या! पहिला फोटो धाडावा तर त्यात आई मण्यांसकट आहे, पण बाप धूर आहे. राहीबाई आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावून बराच वेळ रडल्या. मग आत जाऊन नवे लुगडे नेसून आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

तेव्हा दादा, आपल्या कपाटात वहिनींच्या शालूखाली एक रोल आहे, तो टपालाने नको, कोणाच्या तरी हाती तातडीने पाठवा. आज पुन्हा आभाळ आले आहे. रोल वाईहून यायला वेळ लागेल, तोवर उठा, जेवून घ्या, असे मी राहीबाईंना केव्हाचा सांगतो आहे. त्या म्हणतात, “यिऊ द्या सावकाश. मी हलत न्हाई.”