कॉलरच्या टोकातले दोन टाके

प्रिय बाबा,

तुमच्या ‘चौकशी ऑफिस’चा नमस्कार. लहानपणी तुमच्या मशीनपाशी बसून मी प्रश्न विचारून तुमचं डोकं खायचे, आता त्याचाच पगार मिळतो. ट्रान्सजेंडर माणसांना कामावर त्रास झाला की संस्थेकडून मालकाला प्रश्न विचारायला मीच जाते.

सध्या डोक्यात एकच किडा आहे: कॉलरचं टोक इतकं नेमकं येतं कसं? आमच्याकडे एक बाई आली आहे, शर्टांच्या कारखान्यात बारा वर्षं कॉलरी शिवणारी. आपण बाई आहोत हे सगळ्यांना सांगून तीन महिन्यांपूर्वी ती बाईच्या कपड्यांत कामावर गेली. दुसऱ्याच दिवशी तिला गोदामात धागे कापायला बसवलं. आता हाताला सफाई राहिली नाही म्हणून काढून टाकायची नोटीस! ती म्हणते, सुपरवायझर रोज गुपचूप कॉलरींचे गठ्ठे गोदामात आणतो, त्या मीच शिवते. मालक म्हणतो, पुरावा दाखवा.

मग काय, मी त्या कारखान्याचे या आठवड्यात दुकानात आलेले सहा शर्ट आणले आणि ऑफिसच्या टेबलावर कॉलरी उसवत बसले. शेजारची म्हणाली, हिला आता खरंच लागलं वेड. पण सहाही कॉलरींत शिलाई टोकापर्यंत जाऊन वळत नाही. अलीकडेच थांबते, दोन बारीक तिरके टाके घेते आणि मग वळते. आमच्या त्या बाईला रिकामं कापड दिलं, तिनं माझ्यासमोर तेच केलं. मी बघतच राहिले, कारण हे मी पूर्वी पाहिलं होतं.

बाबा, कारखाना तुम्ही जिथं आयुष्यभर कॉलरी शिवल्यात तोच आहे आणि बाई म्हणजे ज्या शिष्याला तुम्ही ‘माझा वाघ’ म्हणायचात, तीच. आधीच लिहिलं असतं तर तुम्ही इथवर वाचलंच नसतं. ती सांगायला घरी आली तेव्हा तुम्ही ‘बस’सुद्धा म्हणाला नाहीत, त्याचा मला अजून राग आहे. पण तुमच्या निवृत्तीला तिनं शिवलेला शर्ट परवा दोरीवर वाळत होता. ते टाके तुम्ही एकाच माणसाला शिकवलेत, हे तुम्हीच छाती फुगवून सांगायचात. सोमवारी अकराला कामगार अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे, तिथं तेवढंच सांगायला या. तोच शर्ट घालून या. कॉलर उसवून दाखवावी लागेल. पुन्हा शिवून कोण देईल, हा एक प्रश्न मात्र मी विचारत नाही.

तुमचीच,
चौकशी ऑफिस