न डगमगणारा घन

३ तारीख, सोमवार
गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. सहावीचा वर्ग तूर्त माझ्याकडे. शुक्रवारी तपासणीसाहेब येणार. त्यांना माझं शिकवणं पटलं तर मी शाळेत टिकलो, नाहीतर भाऊजींच्या नळसामानाच्या दुकानात काउंटरवर. ताईला सांगून टाकलं, काउंटरचा प्रश्नच येत नाही.
संकल्प : भूमिती फळ्यावर शिकवायची नाही. हाताला लागेल अशी शिकवायची.

४, मंगळवार
मुलांना काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे दिले. चौकोन लुळा पडतो, त्रिकोण ताठ राहतो. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं, सर, असं का? म्हटलं, प्रश्न चांगला आहे, घरून विचार करून या. मीही करणार आहे.

५, बुधवार
काड्या साहेबांना दिसायच्या नाहीत. प्लास्टिकच्या पाइपांचा घन करायचा, कमरेइतका उंच. भाऊजींनी पाइप दिले, वर टोमणा : जपून हो मास्तर, चिकटवायचं सोल्युशन लावलं की सांधा बापजन्मात सुटत नाही. मला शिकवतात!

६, गुरुवार
घन झाला. मात्र डगमगतो. हात लावला की झिंगल्यासारखा कलतो. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, हे काय, खाट उभी केलीत का? अपमान गिळला.
उपाय सापडला. प्रत्येक बाजूला तिरक्या पट्ट्या, म्हणजे त्रिकोणच त्रिकोण. उद्या वर्गातच चिकटवायच्या. प्रात्यक्षिक!

७, शुक्रवार, सकाळी
घनाच्या आतून लिहीत आहे.
सांधे आतून नीट दिसतात म्हणून आत बसलो. मुलं पट्ट्या देत गेली, मी चिकटवत गेलो. मनात शंका नको म्हणून प्रत्येक त्रिकोणाचे आणखी त्रिकोण केले. आता घन तसूभरही हलत नाही. काम चोख. फक्त डोकं बाहेर निघतं, खांदे निघत नाहीत.
चष्मेवालीने विचारलं, सर, तुम्ही बाहेर कसे येणार? म्हटलं, तो पुढचा धडा.
साहेब आले. बसूनच गुड मॉर्निंग केलं. त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, शिक्षक कुठे आहेत? बाईंनी खाली बोट दाखवलं.

७, शुक्रवार, संध्याकाळी
शिपाईदादांची करवत बोथट निघाली. शेवटी भाऊजींना बोलावलं. भरवर्गात म्हणाले, अरे शहाण्या, नळ बसवायला कोणी नळात शिरतं का? पोरं फिदीफिदी.
त्यांनी एका बाजूच्या पट्ट्या कापल्या. मी निघालो आणि घन लगेच कलला. साहेबांनी विचारलं, आता हा का डुलतो? चष्मेवाली उठली. म्हणाली, चौकोनाच्या बाजू तेवढ्याच राहिल्या तरी कोपरे बदलतात. त्रिकोणाला बदलायला जागाच नसते, आतल्या सरांना नव्हती तशी.
साहेब खूश. हे मी शिकवलं नव्हतं, पण वर्ग माझा. नोकरी पक्की समजायला हरकत नाही. ताईला तसं कळवलं.

१०, सोमवार
मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, साहेबांना घन फार आवडला, सगळ्या शाळांना एकेक हवा. ऑर्डर भाऊजींना. आणि माझं? बाईंनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, उद्यापासून दुसरे सर येतील.

१२, बुधवार
काउंटरवर बसणार नाही म्हटलं होतं. शब्द पाळला. भाऊजींनी मागच्या खोलीत बसवलं. म्हणतात, आतून चिकटवायचा हात तुझाच.
दुपारी ताईने डबा पट्ट्यांमधून आत सरकवला.