पलंगभाऊ

४ जून
पोचलो एकदाचा! मास्कच्या कारखान्यात कापड कापायच्या यंत्रावर काम मिळालं. साथीमुळे कामगारांना घरी जायची बंदी, म्हणून मालकाने वरच्या मजल्यावर पलंग टाकलेत. माणसं साठ, पलंग तीस. दिवसपाळीवाले रात्री झोपतात, आम्ही रात्रपाळीवाले दिवसा. माझ्या पलंगाचा दुसरा मानकरी अजून पाहिला नाही. मावसभाऊ असतो तसा हा पलंगभाऊ म्हणायचा! नियम एकच: आलात की गादी उलटायची. एक बाजू त्याची, एक माझी.

साथ सुरू झाल्यापासून माझ्या झोपेचं पार खोबरं झालंय. मागच्या कारखान्यात यंत्रावर डुलकी लागली आणि करंगळीचं पेर गेलं. इथेही लागली तर हातही जाईल आणि नोकरीही. निघताना बायको म्हणाली, काहीही करा, पण झोपा.

५ जून
नऊ तास मेल्यासारखा झोपलो! पण शी, पलंगभाऊ भलताच गलिच्छ निघाला. गादी कोमट आणि दमट. उशीवर लाळेचा पिवळा डाग, चादरीला आंबलेल्या पायमोज्यांचा वास. केस तर इतके, की तिथे मांजर निजत असावं. चादर धुतली, उशी उन्हात टाकली, हात तीनदा साबणाने चोळले.

८ जून
आज अकरा तास. सगळा मजला कूस बदलत कण्हतो, झोपेच्या गोळ्या गिळतो आणि मी एकटा घोरतो. शेजारच्या पलंगावरचा शिलाईवाला म्हणाला, नशीबवान आहात. कसलं डोंबलाचं नशीब! धुतलेली चादर एका रात्रीत चिकट होते. गादी उलटावी, तर माझीही बाजू कोमट. म्हणजे लबाड माझ्या बाजूवरही लोळतो. उद्या मुकादमांकडे तक्रार करणार.

९ जून
मुकादम म्हणाले, अहो, तुमच्या जोडीला कुणी दिलंच नाही अजून. आधीचा माणूस मे महिन्यातच न सांगता पळाला. तेव्हापासून रात्री त्या पलंगाकडे कुणी फिरकत नाही.

मग लाळ कुणाची?

१० जून
जमिनीवर पडलो. डोळ्याला डोळा लागला नाही.

१२ जून
अजून जमिनीवरच. तीन दिवस टक्क जागा. काल पात्याखाली हात गेला होता, शिलाईवाल्याने ओढला म्हणून वाचला. मुकादमांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर सरळ घरी.

१३ जून
गादीची शिवण उसवली. आत कापूस नाही. ओलं, फिकट, मऊ — गालाच्या आतल्या बाजूसारखं. त्यात नखं. दात. हळूहळू वर-खाली होत होतं. घोरत होतं.

ओकलो. तरी आत घातलेला हात बाहेर काढवेना — इतकं उबदार —

शिवण पुन्हा घातली.

१४ जून
झोपलो. त्याच गादीवर. माझीच मला किळस येते.

तारीख?
भोंगा झाला. उठायला हवं. गाल सुटत नाही. ओढला तर कातडी गादीला — दुखत मात्र नाही. तोंडात कुणाचे तरी केस —

आता शिवण आतून दिसतेय. बाहेर मुकादम आले. मी हाका मारतोय, त्यांना ऐकू जात नाही. कुणा नव्या माणसाला सांगतायत, हा पलंग रिकामा आहे. तो म्हणतोय, महिनोन्‌महिने झोप नाही हो, कुठेही पडेन —

नको, इथे नको — अरे, तो गादीवर ब—