यादीतलं शेवटचं नाव

प्रिय हट्टोबा,

पाच महिन्यांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझी चारही पत्रं मात्र शिलाई मशीनच्या खणात आहेत, बॉबिनांच्या डब्याखाली. तुरुंगातलं जेवण अळणी असतं असं लिहिलंस, ते वाचून हसूच आलं. घरी मीठ कमी पडलं की ताट सरकवायचास!

कारखान्यात आता आम्ही फक्त लष्करी गणवेश शिवतो. माझ्याकडे कॉलर, दिवसाला साठ. तू बंदूक धरणार नाही म्हणालास, राष्ट्रप्रमुखांच्या नावाने शपथ घेतली नाहीस, तेव्हापासून बायका माझ्याशेजारी डबा खायच्या बंद झाल्या. पण राग आला तो तुझा. चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं, पोरगा परगावी कामाला गेलाय. धडधडीत खोटं बोलले.

रविवारची यादी तुला ठाऊकच आहे. सैन्यात गेलेल्या आपल्या मुलांची नावं उपासनेत मीच वाचते, प्रत्येक नावानंतर मंडळी आमेन म्हणते. हल्ली वेदीवर क्रुसाशेजारी झेंडा आलाय, क्रुसापेक्षा हातभर उंच. मला त्यात काही खटकलंही नव्हतं.

गेल्या आठवड्यात संडे स्कूलची जुनी वही सापडली. शत्रूवर प्रेम करायचं ते वचन न अडखळता म्हटल्याबद्दल तुला पेन्सिल बक्षीस दिल्याची नोंद, माझ्याच अक्षरात. मी शिकवलं, तू मनावर घेतलंस, आणि मीच तोंड फिरवलं. मशीनवर डोकं टेकून खूप रडले रे.

परवा रविवारी यादी संपली आणि मी तुझं नाव वाचलं. कुठे आहेस, का आहेस, तेही सांगितलं. कुणी आमेन म्हणेना. पाळकसाहेब चष्मा पुसत बसले. मग बेकरीवाली उठून उभी राहिली. तिचा थोरला याच लढाईत मारला गेला. तिने मोठ्याने आमेन म्हटलं. मागून दोन-तीन आवाज आले. सगळे नाही, पण आले. काल तर कॉलरवाल्या बायकांतली एक डबा घेऊन माझ्याशेजारी बसली.

आज तुरुंगाच्या फाटकापर्यंत जाऊन आले. भेटायला कोणी यायचं, ती नावं कैद्यानेच लिहून द्यायची असतात, असं तिथला शिपाई म्हणाला. चार पत्रांना उत्तर न देणाऱ्या आईचं नाव तू त्यात घातलं नसशील, आणि त्यात तुझी काही चूक नाही. आता घालशील का? अगदी शेवटी घातलंस तरी चालेल.

तुझीच,
आई