नारळापुढे बोललेलं

तीर्थस्वरूप भागोजीकाकांच्या पायांवर, दुखऱ्या गुडघ्यांना धक्का न लावता, सुजयचा नमस्कार.

काका, सगळं बदललं ते गेल्या महिन्यातल्या एका बुधवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. त्याआधी मी कॉलेजात शिकणारा मुलगा होतो आणि त्यानंतर नारळापुढे उभा असलेला गाढव. पण ते पुढे सांगतो. आधी तुमची विचारपूस, नाहीतर म्हणाल रत्नागिरीत राहून रीत विसरला. गुडघे कसे आहेत? तेल लावता की नुसतं उशाशी ठेवता? गोदूकाकूचा खोकला? मोहोर टिकला की तुडतुड्याने खाल्ला? माकडांचा बंदोबस्त झाला का? (गेल्या वेळी तुम्ही फटाका लावलात तेव्हा माकडं जागची हलली नाहीत आणि काकू मात्र पडवीतून उठून घरात गेली, हे आईने मला कळवलंय.) फोनच केला असता, पण तुमचा फोन काकू पोह्यांच्या डब्यात ठेवते, आणि रेंज मिळायला तुम्हाला सड्यावर चढावं लागतं, आणि सड्यावर तुम्ही बोललेलं खालच्या दोन्ही वाड्यांना ऐकू जातं. म्हणून हे पत्र पूर्णगडच्या साडेचारच्या गाडीचा कंडक्टर नितेश याच्या हाती देतोय. पाकीट डिंकाने चिकटवून वर टेप मारणार आहे, कारण नितेश वाचतो. आणि हे आईसमोर फोडू नका. तिला मी अजून कॉलेजातच आहे असं वाटतं. मी कॉलेज सोडलंय. परवा शनिवारी संध्याकाळी पाच वाजता माझं नाव पटावरून कायमचं कमी होईल. होऊ दे.

तुम्हाला आमचं कॉलेज कधी पटलंच नाही, त्यामुळे तुम्ही रागावणार नाही अशी आशा आहे. शिमग्याला तुम्ही विचारलंत, चार वर्षं शिकून शेवटी तू होणार काय, आणि मी म्हणालो, विचार करणारा माणूस, तेव्हा तुम्ही म्हणालात की आपला रेडा ते काम गोठ्यात बसून करतो. सगळे हसले. मीही हसलो, पण मला लागलं होतं. खरं सांगतो काका, कॉलेज चांगलं होतं. सगळी मिळून एकशे वीस पोरं. सकाळी गणित, मग तत्त्वज्ञान, जेवण झालं की खाडीवर जाऊन खेकडे मोजायचे आणि संध्याकाळी नाटक. एकाच माणसाने हे सगळं शिकायचं, म्हणजे पुढे कुठल्याही बाबतीत अडाणी म्हणून सुटका नाही. बाकं नाहीत, जमिनीवर गोल करून बसायचं. शिक्षकांना सर म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची. आमचे विनीत सर बाबांच्या वयाचे, दाढी पांढरी. त्यांना 'विनीत' म्हणताना माझी जीभ टाळ्याला चिकटायची, म्हणून मी 'विनीत' म्हटलं की लगेच खोकायचो, त्या खोकल्यात 'सर' दडवायचो. वर्षभराने त्यांनी मला डॉक्टरकडे जायला सांगितलं. हजेरी नाही. त्याऐवजी तास सुरू होताना प्रत्येकाने, आज मला काय दिसलं, हे एका वाक्यात सांगायचं. मला रोज राहीच दिसायची, त्यामुळे मला रोज खोटं बोलावं लागायचं. कधी बगळा, कधी ढग. एका महिन्यात अकरा बगळे झाल्यावर विनीत सरांनी मला पक्षिनिरीक्षणाच्या गटात घातलं.

राही बुरोंडीची. वडिलांची होडी आहे. बोलायला अशी की तुम्ही पूर्वेला सूर्य उगवतो म्हणालात तर विचारील, कुणी ठरवलं. एकदा तिने सांगितलं की तिला काठावर खेकडा दिसला आणि तो पळताना घाबरल्यासारखा वाटत नव्हता, कुठेतरी कामाला निघाल्यासारखा वाटत होता. एवढंच. यात प्रेमात पडण्यासारखं काय आहे असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणतो, पण पडलो. मग दुसऱ्या वर्षी ती जे विषय घेईल ते मी घेत गेलो. तिने भरतीओहोटी घेतली, मी घेतली. तिने तर्कशास्त्र घेतलं, मी घेतलं. तिने नृत्य घेतलं, तेव्हा मीही घेतलं, आणि आठव्या दिवशी तिने ते सोडल्याचं सांगितलं. सोडायची मुदत आदल्या दिवशी संपल्याचं मला नंतर कळलं (तिने मुदतीच्या आत सोडलं होतं, सांगितलं नंतर). वार्षिक कार्यक्रमात घुंगरू बांधून तिसऱ्या रांगेत जो उभा होता, ज्याचा फोटो पाहून काकू म्हणाली की ही पोरगी आपल्या सुजयसारखी दिसते, तो मीच.

आता तो बुधवार. विनीत सर एक विषय शिकवायचे, घरोघरची बोलण्याची कला. प्रत्येकाने आपल्या घरात चालत आलेलं काहीतरी आणून वर्गात करून दाखवायचं. कुणी जात्यावरची ओवी आणली, कुणी लग्नातला उखाणा. राहीने बंदरावरचा मासळीचा लिलाव केला. टोपली रिकामी होती, पण तिने आवाज असा लावला की बाजूच्या वर्गातला गणिताचा शिक्षक सुरमईला बोली लावून बसला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, माझी पाळी. आपल्या घरात चालत आलेलं म्हणजे गाऱ्हाणं, दुसरं काय. देवळात नारळ ठेवून गावाच्या वतीने मागणं मागायचं ते गाऱ्हाणं तुमच्या आधी आजोबांनी घातलं, आणि मला ते पाठ आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण मी सात वर्षांचा असताना गोठ्यात वासरांपुढे घालत होतो तेव्हा तुम्हीच कान पिळला होतात. खेळात गाऱ्हाणं घालायचं नाही, नारळापुढे बोललेलं लागतं, असं म्हणाला होतात. काका, तुमचं ऐकायला हवं होतं. पण मला वाटलं, खरा नारळ ठेवला तर मार्क जास्त पडतील. जांभ्या दगडाचा एक चिरा आणला, त्यावर शेंडीचा नारळ ठेवला, हळदकुंकू लावलं. विनीत सरांनी वर्गाला समजावलं की सुजय प्रत्येक मागणं बोलला की आपण सगळ्यांनी छाती भरून 'व्हय महाराजा' म्हणायचं. विद्यार्थी फार गुणी.

सुरुवात छान झाली. पाऊसपाणी मागितलं, व्हय महाराजा. ग्रंथालयात पंखा मागितला, व्हय महाराजा. मेसमधल्या वाटाण्याच्या उसळीत वाटाणा दिसू दे म्हटलं, तेव्हा तर भिंती हलल्या. एकतीस जणं आपल्या शब्दाला होकार देतायत म्हटल्यावर माणसाला काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही चाळीस वर्षं ते अनुभवताय. (तरी तुम्ही कधी वाहवला नाहीत. एकदाच वाहवलात, तेव्हा गावाला विमानतळ मागितलात.) मी डोळे मिटले, अंगात वारं शिरलं, आणि ऐकू आलं ते माझंच बोलणं होतं:

"बा देवा महाराजा, या लेकराच्या मनात राहीविषयी जे काय आहे ते तुला ठावं आहे. अमावास्येच्या आत तिच्या तोंडून होय येऊ दे. नाय आलं, तर हे लेकरू हे कॉलेज सोडून चालतं होईल बा महाराजा."

व्हय महाराजा, एकतीस तोंडं म्हणाली. विनीत सरसुद्धा. डोळे उघडले तर राही वहीत काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, उत्तर.

नऊ दिवस वाट पाहिली. अमावास्या शुक्रवारी होती, त्याच सकाळी वर्गाने दिलेले अभिप्राय वाटले. आमच्याकडे शिक्षक एकटे मार्क देत नाहीत, सोबतची पोरंही देतात, कारणासकट. राहीचा कागद माझ्याकडे जसाच्या तसा आहे: 'उच्चार स्पष्ट, लय उत्तम, मध्यभाग किंचित लांबला. मागणी ठोस आहे, पण जिच्याकडे करायला हवी होती तिच्याकडे केलेली नाही. दहापैकी सात.' काका, माझं डोकं कसं आहे तुम्हाला माहीत आहे. तरातरा ऑफिसात गेलो, दिशा मॅडमकडून कॉलेज सोडायचा फॉर्म मागितला. त्यात कारण लिहायचं होतं, किमान तीनशे शब्दांत. मी लिहिलं, देवाला माहीत आहे. मॅडमनी शांतपणे मोजलं आणि म्हणाल्या, दोनशे सत्त्याण्णव कमी आहेत. मग दोन तास बसून मी ते भरले, त्यात शंभरेक वाटाण्याच्या उसळीवर खर्च झाले. पंधरा दिवसांची मुदत असते. तेवढ्यात घरचं वडीलधारं माणूस येऊन ऑफिसात सही करील, किंवा मुलगा स्वतः गुरुवारच्या सभेत सगळ्या कॉलेजपुढे उभा राहून बोलेल, तर फॉर्म मागे घेता येतो. मी म्हटलं, दोन्हींतलं काही होणार नाही.

सध्या मी नाचणे भागात ओमकारच्या खोलीवर राहतो (ओमकार कोण ते तुम्हाला माहीत आहे, गणपतीत आपल्याकडे येऊन अठरा मोदक खाल्लेला). कॉलेजच्या फाटकासमोर हौसाताईचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे काम धरलंय. कॉलेज सोडल्यापासून मी जेवढं वाचलंय तेवढं कॉलेजात असताना वाचलं नव्हतं, कारण जे कोण येतं ते धडा घेऊन येतं आणि यंत्र गरम व्हायला वेळ लावतं. तर्कशास्त्राच्या दोन पोरांना परवा मीच समजावलं. हौसाताई म्हणाली, अरे मेल्या, तू छापतोस की शिकवतोस? आणि काल तिथेच राही आली. चाळीस ते बासष्ट पानं, दोन्ही बाजूंनी. मी यंत्राकडे बघून पानं लावत होतो. तिने पिन मारायला सांगितली, आणि मग म्हणाली,

"सुजय, तू मला विचारलंस कुठे? तू नारळाला विचारलंस. मी होय म्हटलं असतं काय नि नाय म्हटलं असतं काय, ते नारळालाच कळलं असतं."

बघा. ज्या मुलीसाठी मी घुंगरू बांधले ती मुलगी आपल्या घराण्याच्या गाऱ्हाण्याला असं बोलते. मी अपमान गिळला आणि सहा पानं उलटी छापली. तेव्हा काका, मी जे केलं ते बरोबरच केलं. दुकानात वारा चांगला आहे, हौसाताई दोन वेळचा चहा देते, मी सुखात आहे. परत जाणार नाही हे पक्कं. बाबांना मुंबईला तुम्ही तुमच्या शब्दांत कळवा. काकूला नमस्कार, वासरांना हात फिरवा.

तुमचा,
सुजय

ता. क. काका, शनिवारी पाचच्या आत या. सकाळच्या पहिल्या गाडीने निघालात तर जेवायला पोचाल. सही करायला या, पण त्याआधी देवळात नारळ ठेवून माझं बोललेलं मागे घ्या. मी नारळापुढे बोललोय, ते मोडून परत गेलो तर काय होईल या भीतीने मला झोप नाही. सखारामबापूने खटला जिंकला तर मासे सोडीन असं कबूल केलं होतं आणि आठव्या दिवशी रडत तुमच्याकडे आला होता, तेव्हा तुम्ही कसं सुंदर गाऱ्हाणं घातलंत, लेकरू चुकलं माकलं, निदान सुकी मासळी मोकळी कर. देवाने आधी सुकी सोडली, दिवाळीपर्यंत ओलीसुद्धा. मला एकदम मोकळा करायला सांगा, टप्प्याटप्प्याने नको. दीड वर्ष उरलंय काका. खेकडे अर्धे मोजून झालेत.

ता. क. दोन. राही जाताना आणखी एक बोलली, ते वर लिहिलं नाही. म्हणाली, "मी तुला कॉलेज सोड म्हटलं नव्हतं. आता जो तो मला विचारतो, त्याला का घालवलंस. मी सभेत बसते तर बाजूची सरकून बसतात. ते तू येऊन सांग." हे बोलताना तिचा आवाज लिलावासारखा नव्हता. मी तिला सुट्टे परत द्यायचे विसरलो.

ता. क. तीन. पाकीट चिकटवण्याआधी सगळं पुन्हा वाचलं, यंत्रापाशी बसून सवय लागलीय. सही करायला येऊ नका. तुमच्या सहीने माझं नाव पटावर राहील, पण तिच्याविषयी पोरं जे बोलतात ते थांबणार नाही. ते मलाच उभं राहून बोलावं लागेल, एकशे वीस जणांपुढे, आणि त्यात तीही असेल. तिला काय वाटतं ते आज विचारणार नाही. आज फक्त सांगणार की माझ्या जाण्याचं कारण मी होतो, ती नव्हती. आज गुरुवार, सभा तीनला आहे, आता पावणेतीन झालेत, आणि नितेशची गाडी त्यानंतर गाठायचीय. नारळाचं मात्र तुम्ही घाला, हळू आवाजात, सड्यावरून नको. ओमकारच्या खोलीचं दार नुसतं लोटून लागत नाही, बाहेरून जोर लावून ओढावं लागतं. चप्पल घातलीय. निघालो, ओढतो.